बागेच्या कोपऱ्यातला उलटा जिना

पूर्व लंडनमध्ये बेथ्नल ग्रीन नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. त्याच्या एका तोंडाला लागूनच एक बाग आहे, बेथ्नल ग्रीन गार्डन्स. बाग बेताचीच, रमतगमत गेलं तरी पलीकडचं फाटक लवकर येतं. गवत, जुनी झाडं, टेनिसची मैदानं, मुलांची खेळायची जागा, कडेला लाल विटांची वाचनालयाची इमारत. रस्ता ओलांडला की जवळच लहान मुलांसाठीचं संग्रहालय. रविवारी बाबागाडी घेऊन घराबाहेर पडायचं तर यापेक्षा सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

या बागेच्या ज्या कोपऱ्यात स्टेशनात उतरायच्या पायऱ्या आहेत, तिथे सागवानी लाकडाचा एक जिना हवेत उलटा टांगल्यासारखा उभा आहे. त्यावरून कुणी चढू शकत नाही, उतरूही शकत नाही. त्यावर १७३ नावं कोरलेली आहेत. त्यातली ६२ मुलांची आहेत.

या प्रकरणात मला एकच गोष्ट तपासायची आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मधल्या एका रात्री, स्टेशनाच्या ज्या पायऱ्यांवर ही १७३ माणसं मेली, त्या जागेला लागून असलेली बाग आजही निवांत खेळायची, डबा उघडून बसायची जागा कशी राहिली? आणि तशी ती राहिली म्हणून स्मृतीचं काही बिघडलं का? युद्धाची खूण असलेल्या बागांचं बहुतेक ठिकाणी दोनांपैकी एक होतं. एक तर साखळ्या लावून, आवाज करू नका अशा पाट्या ठोकून तिचं देवघर करून टाकतात. नाहीतर भिंतीवर एक पाटी बसवतात आणि मोकळे होतात. ती पाटी पुढे कबुतरांखेरीज कुणी बघत नाही. बेथ्नल ग्रीनमध्ये दुसरा प्रकार आधी करून झाला होता. तिसरी वाट सापडायला ७४ वर्षं लागली.

जमीन कुणाची

युद्धाकडे येण्याआधी या जमिनीचा जुना हिशेब पाहायला हवा, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. १६७८ मध्ये इथल्या काही रहिवाशांनी आपल्या घरांसमोरची मोकळी जमीन मिळून विकत घेतली. तिच्यावर आणखी बांधकाम होऊ नये, हा त्यामागचा हेतू. १६९० मध्ये ती विश्वस्तांकडे सोपवली आणि तिचं उत्पन्न गावातल्या गरिबांसाठी लावून दिलं. म्हणून ती ‘गरिबांची जमीन’ म्हणून ओळखली जायची. आपल्या घरापुढचा उजेड अडू नये म्हणून सधन लोकांनी केलेली ही तजवीज, आणि तिला दानधर्माचं वेष्टण. हेतू काहीही असो, जमीन मोकळी राहिली. पुढे दोनशे वर्षांत बेथ्नल ग्रीन लंडनमधल्या सर्वांत गजबजलेल्या, सर्वांत गरीब वस्त्यांपैकी एक झाली तरी हा तुकडा वाचला. १८९५ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने तिथे सार्वजनिक बाग खुली केली.

याच आवारात अठराव्या शतकापासून एक खाजगी वेड्यांचं इस्पितळ होतं. ते १९२० मध्ये बंद झालं, पालिकेने जागा घेतली, आणि इस्पितळाची एक लाल इमारत दुरुस्त करून १९२२ मध्ये तिथे सार्वजनिक वाचनालय सुरू केलं. इस्पितळामुळे आसपासचे लोक बागेला ‘बार्मी पार्क’ म्हणू लागले. बार्मी म्हणजे चक्रम, डोक्याने सटकलेला. आजही जुन्या माणसांच्या तोंडी हे नाव आहे. वेड्यांच्या दवाखान्याचं वाचनालय होतं, त्याच्या अंगणात पोरं चेंडू खेळतात आणि नाव मात्र तसंच राहतं, हे मला फार लोभस वाटतं. या जागेला एकावर एक थर ठेवायची सवय आधीपासूनच होती.

भुयारातलं गाव

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा सेंट्रल लाइन या भुयारी रेल्वेमार्गाचं पूर्वेकडचं काम अर्धवट होतं. बेथ्नल ग्रीनचं स्टेशन खोदून तयार होतं, पण गाडी सुरू व्हायची होती. ७ सप्टेंबर १९४० रोजी, लंडनवरच्या सलग हवाई हल्ल्यांच्या पहिल्याच दिवशी, एक बॉम्ब वाचनालयाच्या छतातून आत पडला. पूर्व लंडन हा गोद्यांचा, कारखान्यांचा आणि कामगारांच्या दाट घरांचा भाग. जर्मन विमानांचा पहिला नेम तिथेच होता. लोकांना खोल जमिनीखाली जायचं होतं. त्या ऑक्टोबरमध्ये स्टेशन आसऱ्यासाठी उघडण्यात आलं.

पुढे तिथे जे उभं राहिलं त्याला निवारा म्हणणं अपुरं आहे. पाच हजार बाकड्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या झोपायच्या फळ्या. गर्दीच्या रात्री सात हजारांपर्यंत माणसं. चहा-खाण्याची सोय, लहान मुलांचं पाळणाघर, औषधपाण्याची खोली, नाटकं आणि गाण्यांचे कार्यक्रम व्हायचे असा रंगमंच. आणि एक वाचनालय. वरची इमारत फुटल्यावर ग्रंथपालांनी रुळांच्या जागेवर फळ्या टाकून भुयारातच एक लहानसं वाचनालय थाटलं. काही हजार पुस्तकं खाली आणली. बागेतलं वाचनालय बागेच्या पोटात गेलं. मुलं शाळा सुटली की अंथरूण काखेत मारून खाली यायची, गोष्टीची पुस्तकं घ्यायची, फळीवर पडून वाचायची. बाग वर, बाग खाली. युद्धातलं कौटुंबिक जीवन म्हणजे सदासर्वकाळ भीती, असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात कंटाळा असतो, भांडणं असतात, कुणाची फळी कुठली यावरून कुरबुर असते. रोजच्या वापराने जागा घरासारखी होते, आणि घराच्या पायऱ्या माणूस खाली न बघता उतरतो.

१९४३ पर्यंत हल्ले कमी झाले होते. रोज खाली झोपायला येणाऱ्यांची संख्या शेकड्यांवर आली होती. पण भोंगा वाजला की बाकीचे लोक धावत येत.

एकोणीस पायऱ्या

आत जायला वाट एकच होती. रस्त्याच्या कडेने, बागेच्या कोपऱ्यातून, १९ पायऱ्यांचा सरळ जिना खाली एका चौथऱ्यापर्यंत उतरायचा, आणि तिथून वळून आणखी सात पायऱ्या. जिना सुमारे दहा फूट रुंद. मध्ये कठडा नाही. पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या आणि ओबडधोबड. अंधारबंदीच्या नियमामुळे एकच मिणमिणता दिवा. वर तोंडाशी तात्पुरतं लाकडी कुंपण.

पालिकेच्या लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. १९४१ मध्येच त्यांनी वरच्या नागरी संरक्षण खात्याकडे प्रवेशद्वार मजबूत करण्याची, गर्दी थोपवायला आडवे कठडे बसवण्याची परवानगी मागितली होती. गर्दीच्या रेट्याने लाकडी कुंपण कोसळेल, ही भीती त्यांनी लिहूनही कळवली होती. उत्तर आलं, की हा खर्च वाया जाईल. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला हे पत्र न वाचताही पाठ असेल.

३ मार्च १९४३, बुधवार. दोन रात्रींपूर्वी ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर मोठा हल्ला केला होता, त्यामुळे आज ना उद्या उलट हल्ला येणार असं सगळे धरून चालले होते. पाऊस पडून गेला होता. रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी भोंगा वाजला. चित्रपटगृहं रिकामी झाली, बस थांबल्या, उतारू स्टेशनाकडे वळले. पहिल्या दहा मिनिटांत शेकडो माणसं, दीड हजाराच्या आसपास, शिस्तीत खाली उतरली. ८ वाजून २७ मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून कधी न ऐकलेला प्रचंड आवाज झाला. तो जर्मनांचा नव्हता. तिथे विमानविरोधी रॉकेटांची नवी तुकडी बसवली होती आणि तिने रॉकेटांचा मारा सुरू केला होता. लोकांना त्या रॉकेटांची काहीच कल्पना नव्हती. वरच्या लोकांना वाटलं, नव्या तऱ्हेचे बॉम्ब पडताहेत. ते पुढे सरकले.

त्याच सुमारास खाली, शेवटच्या काही पायऱ्यांवर, कडेवर मूल असलेली एक बाई अडखळून पडली. तिच्यावर एक म्हातारा पडला. त्यांच्यावर मागची माणसं. काही सेकंदांत जिना भिंतीपासून भिंतीपर्यंत भरला. सुमारे तीनशे माणसं त्या जागेत अडकली.

मराठीत आपण याला चेंगराचेंगरी म्हणतो. या शब्दाने डोळ्यांपुढे धावणारी, एकमेकांना तुडवणारी गर्दी येते. इथे तसं काही झालं नाही. कुणी कुणाला तुडवलं नाही. माणसं उभी, आडवी, एकमेकांत गुंतलेली अशी जागच्या जागी रुतली. वरून येणाऱ्यांना अंधारात खाली काय झालंय ते दिसत नव्हतं, आणि खालच्यांना वर ओरडून सांगायला छातीत हवा उरली नव्हती. बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. हाडं मोडल्याच्या खुणा फारशा नव्हत्या. आपल्या गर्भवती बायकोसोबत आलेला एक पोलीस शिपाई माणसांच्या डोक्यांवरून सरपटत खाली गेला, परिस्थिती पाहिली आणि तसाच वर येऊन त्याने निरोप धाडला. शेवटचा माणूस बाहेर काढेपर्यंत तीन तासांहून अधिक गेले. २७ पुरुष, ८४ बाया, ६२ मुलं. जी बाई पहिल्यांदा पडली ती वाचली. तिचं मूल वाचलं नाही.

त्या रात्री या भागात शत्रूचा एकही बॉम्ब पडला नाही.

गप्प बसवलेली जागा

यानंतरची दोन वर्षं म्हणजे या प्रकरणाचा सर्वांत कडू भाग. वर्तमानपत्रांना अपघाताची बातमी देता आली, ठिकाणाचं नाव देता आलं नाही. लॉरेन्स डन या दंडाधिकाऱ्याने आठवड्याभरात बंद दाराआड चौकशी केली, मार्च संपायच्या आत अहवाल दिला. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी तो दाबून ठेवला. शत्रूला आयता मजकूर मिळेल, लोकांचं मनोधैर्य खचेल, हे कारण. तो छापून लोकांपुढे आला जानेवारी १९४५ मध्ये. अहवालात जिन्यातले दोष होते, पण अपघाताचं मुख्य कारण म्हणून काही लोकांचा तोल सुटल्याकडे बोट होतं. नवऱ्याला गमावलेल्या एका बाईने पालिकेवर दावा लावला आणि न्यायालयाने पालिकेची हलगर्जी मान्य केली. वर मागितलेली परवानगी आणि तिला मिळालेला नकार मात्र सामान्य लोकांपर्यंत पोचायला आणखी बराच काळ जावा लागला.

म्हणजे दुःखाबरोबर दोन ओझी आली. आपण घाबरलो म्हणून आपली माणसं मेली, हे एक. आणि त्याबद्दल बोलायचं नाही, हे दुसरं. बॉम्बने घर पडलं तर शत्रूला शिव्या देता येतात. इथे शिव्या कुणाला द्यायच्या? वाचलेल्यांपैकी अनेक जण आयुष्यभर या रात्रीबद्दल घरातही बोलले नाहीत. डिसेंबर १९४६ मध्ये स्टेशनात गाड्या सुरू झाल्या. तोच जिना लाखो माणसं कामावर जाताना-येताना वापरू लागली. मध्ये कठडे बसवले होते. ते अपघातानंतर लगेचच बसले. खर्च वाया जाईल असं आता कुणी म्हणालं नाही.

वर बाग पूर्वीसारखी सुरू झाली. यात मला विस्मरण दिसत नाही. वाचलेल्या मुलांना खेळायला दुसरी जागाच नव्हती. ज्या घरांतली माणसं गेली ती घरं याच गल्ल्यांत होती, आणि त्या घरांतली उरलेली पोरं याच गवतावर मोठी झाली. शोक करणारे आणि खेळणारे असे दोन वेगळे समाज इथे कधीच नव्हते. स्मारकाचा पुढचा सगळा विचार करताना हीच गोष्ट लक्षात ठेवावी लागते, आणि बाहेरून आलेला शिल्पकार नेमका हीच विसरला असता.

पाटी ते जिना

पन्नासाव्या स्मृतिवर्षी, १९९३ मध्ये, पायऱ्यांच्या वर एक पाटी बसली. तीच ती कबुतरांची पाटी. स्टेशनात उतरणारा माणूस खाली बघतो, पाटी डोक्यावर; नजर जाणार कशी? तरीही तिने एक काम केलं. हॅरी पॅटिकास नावाच्या स्थानिक वास्तुरचनाकाराने ती वाचली, १७३ हा आकडा आणि एवढीशी पाटी यांचा मेळ त्याला लागेना, आणि त्याने स्मारकाचा आराखडा करायला घेतला. वाचलेली माणसं आणि मृतांचे नातेवाईक एकत्र आले, ‘स्टेअरवे टु हेवन’ या नावाने विश्वस्त संस्था उभी राहिली. पैसे गोळा करायला वर्षानुवर्षं गेली. खर्च पाच लाख पौंडांच्या वर, आणि देणारे हात वस्तीतल्या लोकांचे. म्हणून काम दोन टप्प्यांत झालं: आधी चौथरा, मग काही वर्षांनी त्यावरचा जिना. डिसेंबर २०१७ मध्ये लंडनचे महापौर सादिक खान यांच्या उपस्थितीत त्याचं अनावरण झालं. ज्यांनी त्यासाठी वर्गणी गोळा केली त्यांतले काही तोवर ऐंशी ओलांडून गेले होते, काही उरले नव्हते.

रचना अशी आहे. खाली काँक्रीटचा चौथरा, त्यावर त्या रात्रीची हकिकत आणि वाचलेल्या माणसांच्या आठवणी. वर, एका बाजूने पुढे झेपावलेला, सागवानी लाकडाचा जिना, उलटा. मापं खऱ्या जिन्याचीच. त्या रात्री जेवढ्या पोकळीत माणसं अडकली तेवढीच पोकळी उचलून जमिनीवर, उजेडात आणून ठेवली आहे. बाहेरच्या अंगाला नावं. आणि छताला १७३ निमुळती भोकं, प्रत्येक माणसामागे एक. ऊन असेल तेव्हा त्यातून उजेड खाली झिरपतो.

या रचनेतलं मला सर्वांत पटलेलं म्हणजे तिची मापं. ‘तीनशे माणसं अडकली’ हे वाक्य वाचून काही कळत नाही. एवढ्याशा जागेत तीनशे, हे शेजारी उभं राहिल्यावर पोटात कळतं. त्यासाठी पुतळा लागत नाही, रडणारी आई लागत नाही. युद्धस्मारकांतल्या नेहमीच्या वस्तू, तलवार, मुकुट, देवदूत, यांतलं काहीही इथे चाललं नसतं, कारण मेलेल्यांपैकी कुणी लढाईवर नव्हतं. ते रात्रीच्या झोपेसाठी निघाले होते.

दुसरी गोष्ट झाडांची. स्मारक बसवायचं ती जागा जुन्या झाडांच्या सावलीत होती आणि पाया खोदताना मुळांना धक्का लागणार होता. झाड तोडून स्मारक मोकळं करणं सोपं पडलं असतं. तसं न करता पायाची आखणी मुळं सांभाळून केली. त्यामुळे स्मारक थोडं कोपऱ्यात, थोडं फांद्यांच्या आड आलं. फोटो काढणाऱ्यांना हे खटकतं. मला यात शहाणपण दिसतं. बाग आधी होती, जिना नंतर आला, आणि त्याने बागेच्या चालीने उभं राहायचं मान्य केलं.

खेळणाऱ्यांच्या बाजूने

आता मूळ प्रश्न. बागेत रोज काय होतं? स्टेशनाबाहेर आलेल्या माणसाला बागेत शिरायचं तर स्मारकाजवळूनच जावं लागतं. मुलाला झोक्याकडे जायची घाई असते, आईबापांना त्याला आवरायचं असतं. स्मारकाभोवती कुंपण नाही, पहारा नाही. मुलं हात लावतात. थोडी मोठी मुलं विचारतात, हा जिना उलटा का? हा प्रश्न विचारला गेला की स्मारकाचं निम्मं काम झालं, कारण त्याचं उत्तर मोठ्यांनाच द्यावं लागतं आणि ते देण्यासाठी त्यांना आधी चौथऱ्यावरचा मजकूर वाचावा लागतो.

यात धोके आहेत. कुंपण नसलेल्या स्मारकावर लोक बसणार, खाणार, डबे टाकून जाणार. एखाद्या रात्री कुणी दारू पिऊन तिथेच आडवं होणार. मोठ्या शहरातल्या स्टेशनाजवळच्या कुठल्याही आडोशाचं हेच होतं. नातेवाइकांना याचं वाईट वाटणं स्वाभाविक आहे. पण साखळी लावली असती तर मुलांनी हात लावणंही थांबलं असतं, आणि मग उरली असती आणखी एक पाटी, जरा महागडी. लाकूड दरवर्षी पुसावं, तेल पाजावं लागतं. ओल्या हवेत सागवानही काळवंडतं. हा खर्च आणि ही कटकट कुणीतरी कायमची अंगावर घेतली पाहिजे, नाहीतर उघडं स्मारक ही नुसती हौस ठरते.

माझी एक तक्रारही आहे. चौथऱ्यावरचा मजकूर मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आणि मोठ्या माणसाच्या समजेला धरून आहे. ६२ मुलं जिथे गेली त्या जागी, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःहून वाचता येईल असं दोन-चार ओळींचं काहीतरी, त्याच्या उंचीवर, असायला हवं होतं. रस्त्यापलीकडचं संग्रहालय नेमकं हेच काम उत्तम करतं. १८७२ मध्ये सुरू झालेलं, अनेक वर्षं बालपणाचं संग्रहालय म्हणून चाललेलं ते घर २०२३ मध्ये यंग व्ही अँड ए या नावाने मुलांसाठीच नव्याने मांडलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी त्याला ब्रिटनमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा मान मिळाला. तिथून बागेपर्यंत मूल चालत येऊ शकतं. एवढ्या अंतरावरचे दोन शेजारी एकमेकांशी बोलले तर अवघड काय आहे?

वाचनालयाबद्दल मात्र तक्रार नाही. बॉम्ब पडलेली इमारत दुरुस्त होऊन पुन्हा वाचनालयच झाली आणि अजून तेच काम करते आहे. युद्धाच्या काळात फळ्यांवर पडून मुलांनी जिथली पुस्तकं वाचली, तिथून आज दुसऱ्या मुलांना पुस्तकं मिळतात. यासाठी वेगळं स्मारक बांधलं गेलं नाही, तेच बरं झालं.

दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला रस्त्यापलीकडच्या सेंट जॉन चर्चमध्ये स्मृतिप्रार्थना होते. वास्तुरचनाकार जॉन सोन याने एकोणिसाव्या शतकात बांधलेलं हे चर्च, स्टेशनाच्या तोंडासमोरच. त्या रात्री बाहेर काढलेले काही देह याच चर्चमध्ये आणून ठेवले होते. प्रार्थनेत १७३ नावं मोठ्याने वाचली जातात. आडनावं लागोपाठ तीच तीच येतात, कारण घरंच्या घरं एकत्र उतरत होती. मग लोक रस्ता ओलांडून उलट्या जिन्याशी फुलं ठेवतात. शेजारी बाग उघडीच असते. टेनिस खेळणारे खेळत असतात, झोक्यावर कुणीतरी असतं, आणि स्टेशनाच्या पायऱ्यांवरून माणसं हात मधल्या कठड्यावर ठेवून खाली उतरत असतात.